वरून दिसणाऱ्या रोल-प्लेइंग गेमसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

तुमचा प्रश्न असा आहे: वरून दिसणारा, गावोगाव फिरत आणि लोकांशी बोलत पुढे सरकणारा रोल-प्लेइंग गेम एकट्याने करायचा आहे, प्रोग्रामिंगची जेमतेम ओळख आहे आणि संवाद मराठीत हवे आहेत; तर आरपीजी मेकर, गेममेकर, युनिटी आणि गोडो यांपैकी काय निवडावे? माझे उत्तर गोडो असे आहे आणि त्याचे मुख्य कारण तुमच्या शेवटच्या अटीत, म्हणजे मराठीत आहे. ती अट नसती, तर मी बहुधा आरपीजी मेकरची एमझेड ही आवृत्ती सुचवली असती.

आरपीजी मेकरची बाजू आधी नीट मांडतो, कारण ‘त्यात खरा गेम होत नाही’ असे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. २०११ साली आलेला ‘टू द मून’ हा गेम त्याच्याच एक्सपी आवृत्तीत केलेला आहे आणि तो लढाईवर नव्हे, तर कथेवर उभा आहे. एक साधी पेटी उदाहरणादाखल घ्या. नायकाने ती उघडून आतले औषध घेतले की नंतर तो कधीही परत आला तरी ती उघडीच दिसायला हवी. आरपीजी मेकरमध्ये यासाठी नकाशावर एक इव्हेंट (आज्ञा जोडलेली वस्तू) ठेवायचा, त्याच्या पहिल्या पानावर वस्तू देण्याची आणि ‘सेल्फ स्विच ए’ (त्या इव्हेंटपुरती चालू-बंद खूण) चालू करण्याची आज्ञा द्यायची, तो स्विच चालू असतानाच लागू होणाऱ्या दुसऱ्या पानावर उघड्या पेटीचे चित्र लावायचे, की काम झाले. सेव्ह फाइलमध्ये नोंद आपोआप जाते. गोडोमध्ये प्रत्येक पेटीला वेगळे ओळखनाव, उघडलेल्या पेट्यांची यादी, खोली बदलल्यावरही ती यादी टिकवणारी ऑटोलोड (गेमभर चालू राहणारी) स्क्रिप्ट आणि फाइलमध्ये लिहिणे-वाचणे हे सारे तुम्हालाच करावे लागते. पहिल्या वेळी त्यात सबंध शनिवार-रविवार जातो. आळीपाळीने होणारी लढाई, दुकान आणि मेनू हेही आरपीजी मेकरमध्ये तयार मिळतात. हा फरक लहान नाही आणि गोडो निवडताना तो मान्य करूनच पुढे जावे.

आता मराठीकडे वळतो. माझा पहिला गेम मी असेच बरेच काही तयार देणाऱ्या एका साधनात केला होता. नकाशे झाले, आठ-दहा गावकरी झाले, आणि मग एका म्हातारीच्या तोंडी ‘दुसऱ्या दिवशी विहिरीवर या’ हे वाक्य घातले. पडद्यावर ‘विहिरीवर’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या नंतर, ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत आली आणि ‘दुसऱ्या’चे तीन सुटे तुकडे झाले. तोवर तीन महिन्यांचे काम झाले होते आणि त्यातला बराच भाग मला दुसरीकडे नव्याने उभारावा लागला. मी पहिल्याच दिवशी एक मराठी वाक्य टाकून पाहिले असते, तर ते तीन महिने वाचले असते.

हे असे होण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटते, पण संगणकाच्या लेखी ती सहा युनिकोड चिन्हे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. ती एकत्र पाहून योग्य आकार जुळवण्याचे काम कुणीतरी करावे लागते. संवादपेटीत मजकूर टंकलेखनासारखा एकेक चिन्हाने उमटवायचा आणि प्रत्येक चिन्ह वेगळे रेखाटायचे, अशी रचना असेल तर जुळवणीला वावच राहत नाही. आरपीजी मेकरच्या एमव्ही या एमझेडआधीच्या आवृत्तीची संवादपेटी मुळात अशीच चालते. एमझेडमध्ये संपूर्ण ओळ एकदम दाखवण्याची आज्ञा वापरून मार्ग निघतो, पण मग अक्षरे हळूहळू उमटण्याची मजा जाते, किंवा ती परत आणण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये प्लगइन लिहावे लागते. गेममेकरमध्ये फॉन्टमधली अक्षरे आधीच चित्ररूपाने साठवलेली असतात. जोडाक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नसल्यामुळे तिथेही मराठीची पंचाईतच होते. एरवी ते उत्तम साधन आहे. ‘अंडरटेल’ त्यातच घडला.

गोडोची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि तिच्यात हार्फबझ या मुक्त लायब्ररीच्या आधाराने देवनागरीची जुळवणी होऊ लागली. तिसऱ्या आवृत्तीत ही सोय नव्हती, म्हणून जुने शिकवणीचे व्हिडिओ पाहून तिसरी आवृत्ती उतरवून घेऊ नका. संवाद हळूहळू उमटवताना ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर’ या सेटिंगमध्ये जुळवणीनंतर अक्षरे लपवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे अर्धवट जोडाक्षरे दिसणार नाहीत. लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) ‘लँग्वेज’ गुणधर्मात मराठीचा संकेत घातला, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. मला हा बारकावा फार मोलाचा वाटतो. फॉन्ट म्हणून मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ वापरून पाहा. तो खुल्या परवान्याखाली आहे.

पिक्सेल-चित्रशैली वापरणार असाल, तर आणखी एक अडचण आधीच ओळखून ठेवा. असे गेम बहुधा ३२० बाय १८० पिक्सेलवर रचतात, कारण त्याची बरोबर सहापट केली की १९२० बाय १०८० होते. इंग्रजी अक्षर आठ पिक्सेल उंचीत बसते, पण ‘र्की’ किंवा ‘ट्रू’ वाचता यावे यासाठी वर रफार आणि वेलांटीला, खाली उकाराला जागा लागते, आणि ती तेवढ्यात मावत नाही. गोडोच्या स्ट्रेच मोडमध्ये (गेम मोठ्या पडद्यावर कसा ताणायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘व्ह्यूपोर्ट’ निवडल्यास मजकूरही लहान आकारात रेखाटून मग ताणला जातो. ‘कॅनव्हास आयटम्स’ निवडल्यास चित्रे पिक्सेलचीच राहतात आणि मजकूर पडद्याच्या पूर्ण स्पष्टतेने उमटतो. दोन्हींचा मेळ डोळ्याला थोडा वेगळा दिसतो, पण वाचता येणे अधिक महत्त्वाचे आहे.

युनिटीबद्दल फार लिहीत नाही. एकट्याने करायच्या द्विमितीय गेमला तो पसारा मोठा पडतो. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने इन्स्टॉलेशनच्या संख्येवर शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने ते मागे घेतले. अशा बदलांची टांगती तलवार गोडोच्या एमआयटी या मुक्त परवान्यात राहत नाही.

गोडोची साधी आवृत्ती घ्या, सी-शार्प भाषेसाठीची डॉटनेट आवृत्ती नको, गोडोची स्वतःची जी.डी.स्क्रिप्ट ही भाषा तुमच्या कामाला पुरेशी आहे. चित्रे येत नसतील तर केनी (Kenney) या संकेतस्थळावरच्या, सीसी-झिरो परवान्याखाली कुणालाही मुक्तपणे वापरता येणाऱ्या टाइल्स (नकाशा रचायचे चौकोनी चित्रतुकडे) कामापुरत्या वापरा. पहिल्या आठवड्यात एकच खोली करा: एक भिंत, नायक ज्याच्या मागे आणि पुढे दोन्हीकडे जाऊ शकेल असे एक झाड (यासाठी ‘वाय-सॉर्ट’ चालू करावे लागते), उघडी राहणारी एक पेटी आणि एक पहारेकरी. त्या पहारेकऱ्याच्या तोंडी ‘दुसऱ्या क्षत्रिय स्त्रीची किल्ली वाऱ्यावर हरवली’ असे एखादे वाक्य घाला, ते ज्या फोनवर किंवा संगणकावर गेम चालवायचा आहे तिथे नेऊन पाहा, आणि ते नीट वाचता आले की मगच दुसरी खोली सुरू करा.