शाळा म्हणते दाखला काढा आणि १७ नंबर भरा, सही करू का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. मुलगा अनुदानित शाळेत नववीला आहे, सेमी इंग्लिश. सहावीत असताना सरकारी हॉस्पिटलमधून डिस्लेक्सियाचं (वाचन-लेखनातल्या अडचणीचं) सर्टिफिकेट मिळालं, ते शाळेत दिलं, पण कधी जादा वेळ नाही की काही नाही. सहामाहीत तीन विषय गेले. आता मुख्याध्यापक म्हणतात की दहावीला शाळेचा निकाल खाली येईल, तुम्ही दाखला काढून घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची दहावी देण्याचा) भरा नाहीतर एनआयओएस (केंद्राची मुक्त शाळा) करा, अर्ज आम्ही टाइप करून ठेवलाय, फक्त सही करा.

ताई, सही करू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

कारण सांगतो. त्या टाइप केलेल्या अर्जात बहुतेक "स्वखुशीने" किंवा "घरगुती अडचणीमुळे" असं काहीतरी लिहिलेलं असणार, आणि दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण म्हणून जो रकाना असतो त्यात "पालकांच्या अर्जावरून" येणार. एकदा ते आलं की शाळेने काढलं हे तुम्ही कुठेही गेलात तरी सिद्ध करणं फार अवघड, कारण कागदावर शाळेने काही केलेलंच नसतं, सगळं तुम्हीच मागितलेलं असतं. अशा प्रकरणांत पालक दाखला हातात पडल्यावर वकिलाकडे येतात आणि मग माझ्यासारख्याचे हात बांधले जातात. तुम्ही आधी विचारलंत हे फार चांगलं झालं.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीत अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, स्पष्ट आहे. कलम १६ म्हणतं की सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची आणि अशी अडचण असलेली मुलं लवकर ओळखून त्यावर उपायही करायचे. कलम १७ मध्ये तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या तिसऱ्या भाषेतून सूट हे शब्दांत लिहिलंय. शाळा कदाचित म्हणेल की ४० टक्के अपंगत्व दाखवा, तर ती अट कलम ३१ च्या मोफत शिक्षणासाठी आहे, १६ आणि १७ ला नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात लेखनिकाबद्दल हेच सांगितलं, की ४० टक्के नाहीत एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, उगाच खोटा धीर देत नाही. आठवीपर्यंत आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, संरक्षण होतं, नववीत ते नाही. त्यामुळे शाळा नववीत नापास करू शकते. पण नापास करणं वेगळं आणि शाळेतून घालवणं वेगळं, आणि नापास करायचं तरी सवलती देऊन परीक्षा घेतल्यानंतर. सवलतच न देता घेतलेल्या सहामाहीचे मार्क दाखवून तुमच्या मुलाला बाहेर काढणं हा सरळ भेदभाव आहे, त्याला दुसरं नाव नाही.

मग करायचं काय. उद्याच साध्या कागदावर अर्ज लिहा: मुलाचं नाव, इयत्ता, सर्टिफिकेटची तारीख, ते शाळेत कधी दिलं, कलम १६ आणि १७ प्रमाणे वार्षिक परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक द्यावा, आणि "दाखला काढण्याबाबत मला तोंडी सांगण्यात आले, माझी तशी इच्छा नाही" हे वाक्य नक्की घाला. सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा, ओरिजिनल देऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, क्लार्क पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. यापुढे शाळेशी जे काही बोलणं होईल ते लेखी मागा.

सर्टिफिकेटचं पण बघा. केंद्राच्या २०१८ च्या नियमावलीत चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती, तुमचं सहावीतलं आहे, म्हणजे शाळा किंवा बोर्ड जुनं म्हणून परत पाठवू शकतं. हॉस्पिटलची तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून आत्ताच नंबर लावा. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो, आणि नेमकी तिथेच शाळा ढिलाई करते, तेव्हा दहावी सुरू झाली की प्रस्ताव गेला का हे जावक क्रमांकासह विचारा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि एक प्रत पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे. तिथे वकील लागत नाही, तुमचा स्वतःचा अर्ज चालतो, आणि चौकशीसाठी कागद मागवायचा, साक्षीला बोलवायचा अधिकार आयुक्तांना आहे. हायकोर्टाची वेळ येऊ नये, पण आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्याच्या केसेस कोल्हापूरच्या सर्किट बेंचला चालतात, मुंबई गाठायची गरज नाही.

एनआयओएसबद्दल. ते वाईट नाही ताई, ते कमीपणाचं समजू नका. पाच विषय, त्यात गणित घेतलंच पाहिजे असं नाही, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवत जाता येतं आणि सर्टिफिकेट मान्य आहे. गणिताने खचलेल्या मुलांना तिथे खरंच मोकळं वाटतं. १७ नंबर मात्र तुमच्या मुलाला काही देत नाही, तोच अभ्यास, तीच बोर्डाची परीक्षा, फक्त वर्ग आणि शिक्षक गेले. पण एनआयओएसला जायचं तर मुलाला विचारून, त्याला हवं म्हणून जा, शाळेच्या निकालाची टक्केवारी सांभाळायला नाही. त्याला मित्रांबरोबर दहावी करायची असेल तर तो त्याचा हक्क आहे.

आणि लेखनिक मिळाला म्हणून लगेच मार्क येतील असं धरू नका. उत्तर तोंडाने सांगणं, कुठे थांबायचं, आकृती कशी काढून घ्यायची हे सगळं सवयीचं काम आहे, त्यामुळे नववीच्या वार्षिकलाच लेखनिक मागा, खालच्या वर्गातला एखादा मुलगा आत्तापासून शोधा आणि रोज संध्याकाळी अर्धा तास दोघांना बसवा.