स्थगन, तहकुबी आणि एक ठग

प्रश्न असा आला आहे: विरोधी पक्षनेते सरकारविरुद्ध ‘स्थगन प्रस्ताव’ (हातचं काम बाजूला ठेवून एका तातडीच्या विषयावर चर्चा आणि मत घ्या, अशी मागणी) मांडतात आणि थोड्याच वेळात टीव्हीवर ‘कामकाज तहकूब’ अशी पट्टी झळकते. म्हणजे विरोधकांना हवं ते मिळालं, असं समजायचं का? आणि ‘स्थगन प्रस्ताव’ऐवजी ‘स्थगिती प्रस्ताव’ म्हटलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर: नाही, अगदी उलट. ‘विरोधकांच्या स्थगन प्रस्तावामुळे सभागृह ठप्प’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. सभागृह ठप्प होतं ते प्रस्ताव नाकारला गेल्यावर जो गदारोळ होतो, त्यामुळे. प्रस्ताव स्वीकारला तर सभागृह चांगलं चालतं, निदान अडीच तास तरी, आणि मंत्र्यांना मुकाट्यानं बसून ऐकावं लागतं. बाजूला पडतं ते त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेवरचं नेहमीचं काम. लोकसभेच्या नियमावलीत ५६व्या नियमापासून हा विषय सुरू होतो. कुणी हरकत घेतली तर ५० सदस्यांनी उभं राहून पाठिंबा दाखवायचा, मग चर्चा आणि शेवटी मत. ज्यावर मत घ्यायचं ते वाक्य एवढंच: सभागृह आता तहकूब व्हावं. ते मंजूर झालं तर मात्र सभागृह खरोखरच उठतं आणि सरकारवर ठपका बसतो. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार, राज्यसभेला नाही, म्हणून राज्यसभेत ही सोयच ठेवलेली नाही.

आता मजेचा भाग. ‘तहकूब’ हा ‘तह’वरून आला, दोन्ही बाजूंनी तह केला आणि भांडण थांबलं, अशी व्युत्पत्ती लोक ठोकून देतात. मग ‘कूब’ कुठून आला? कुबडीतून? मूळ शब्द अरबी आहे, ‘तवक्कुफ’, म्हणजे थांबणं, खोळंबणं. त्याचा धातू व-क-फ, जागच्या जागी उभं राहणं. त्याच धातूचा ‘मौकूफ’, म्हणजे थांबवलेला, आपल्या जुन्या कागदांत ‘मोकूब’ झाला. त्याचाच ‘वाकिफ’, म्हणजे माहीतगार, मराठीत ‘वाकब’ झाला आणि त्याला ‘कार’ जोडून ‘वाकबगार’. तीन शब्द आणि तिन्हींत शेवटच्या ‘फ’चा ‘ब’! हा योगायोग नव्हे, मराठी जिभेची खोड आहे. ‘तवक्’चं ‘तहक्’ का झालं, यावर माझं मत असं की तहसील, तहकीक, तहनामा अशा शब्दांची दफ्तरात एवढी गर्दी होती की कारकुनाच्या लेखणीला ‘तह’चं वळण पडलं होतं. मान्य करणारे करतील.

आणि हो, ‘वक्फ’सुद्धा याच धातूचा. मालमत्तेची खरेदी-विक्री कायमची थांबवून ती धर्मकार्याला लावली, ती वक्फ. २ एप्रिल २०२५ला लोकसभेत वक्फ दुरुस्ती विधेयकावर मध्यरात्र उलटेपर्यंत चर्चा चालली आणि २८८ विरुद्ध २३२ मतांनी विधेयक मंजूर झालं. तहकुबीच्या सख्ख्या भावाचं काम त्या रात्री तहकूब न होता पार पडलं.

तर असा मुरलेला, अर्थाला चोख शब्द हाताशी असताना शुद्धीकरणवाल्यांना तो खुपला आणि त्यांनी ‘स्थगन’ आणला. संस्कृत आहे ना, मग झालं! पण संस्कृतात ‘स्थग्’ धातूचा अर्थ काय? थांबणं नव्हे, झाकणं, लपवणं. ‘स्थगित’ म्हणजे झाकलेला. मोनियर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश काढून बघा. आणि त्याच पानावर ‘स्थग’ हे विशेषणही भेटेल. अर्थ: लबाड, फसवणारा. ओळख पटली? आपला ‘ठग’. ‘स्थान’चं ‘ठाण’ होतं, ‘स्थग’चं ‘ठग’ होतं. यावनी शब्द बाहेर काढून त्याच्या जागी ठगाच्या भावकीतला शब्द संसदेत नेऊन बसवला, आणि तोही सोवळ्यात.

यावर काही भाषापंडित सांगतात की उलटं घडलं असावं, ‘ठग’ हा मुळात देशी शब्द आणि पंडितांनी मागाहून त्याला ‘स्थग’ असा संस्कृत अंगरखा चढवला. असेलही. पण मग ‘झाकणं’ अर्थाचा ‘स्थग्’ धातू कुठून आला, ते सांगायला ही मंडळी तयार नसतात. प्रत्येक चांगल्या व्युत्पत्तीत देशी मूळ शोधायचं आणि पुरावा विचारला की मौन पाळायचं, हीसुद्धा एक प्रकारची स्थगनविद्याच.

आणि गंमत म्हणजे राजकारणी मंडळी नकळत हा मूळ अर्थच जगत असतात. २४ नोव्हेंबर २०११ला मनमोहन सिंग यांच्या मंत्रिमंडळानं बहुब्रँड किरकोळ व्यापारात, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या दुकानांत, ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला मंजुरी दिली. विरोधकांनी स्थगन प्रस्तावाचा आग्रह धरला, सरकार तयार होईना. का? नुसती चर्चा असती तर सरकार खुशाल ऐकून घेतं. पण या प्रस्तावाला मत येतं, आणि मत आलं की आघाडीतले तृणमूल आणि द्रमुक कुठलं बटण दाबतील याची खात्री नव्हती. आघाडी सरकारला नमवायचं तर आपले आकडे वाढवण्यापेक्षा मित्रपक्षांना उघड्यावर मत द्यायला लावणं सोपं, हे प्रत्येक मुरब्बी विरोधी नेता जाणतो. शेवटी ७ डिसेंबरला अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी सभागृहात सांगितलं की निर्णय सहमती होईपर्यंत स्थगित. रद्द नव्हे, स्थगित. म्हणजे झाकून ठेवला. पुढच्या सप्टेंबरात झाकण उघडलं, निर्णय बाहेर आला आणि तृणमूल आघाडीतून बाहेर पडली. मग विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी नियम १८४खाली, म्हणजे मतदानासह चर्चेचा, प्रस्ताव आणला. ५ डिसेंबर २०१२ला तो २१८ विरुद्ध २५३ मतांनी पडला, कारण समाजवादी पक्ष आणि बसप भाषणात विरोध करून मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर गेले. सरकार वाचवणाऱ्या या सभात्यागाला शब्द काय वापरायचा, हा वेगळा प्रश्न कुणीतरी जरूर पाठवावा.

मधल्या काळात, १४ डिसेंबर २०११ला, लालकृष्ण अडवाणींचा काळ्या पैशावरचा स्थगन प्रस्ताव मात्र स्वीकारला गेला होता. दिवसभर सभागृह चाललं, चर्चा झाली, प्रस्ताव फेटाळला गेला. १२ ऑगस्ट २०१५ला मल्लिकार्जुन खर्गे यांनी ललित मोदी प्रकरणावर मांडलेला प्रस्तावही असाच, तोवर परराष्ट्रमंत्री झालेल्या सुषमा स्वराज यांच्या उत्तरानंतर, आवाजी मतदानानं फेटाळला गेला. दोन्ही वेळा ठप्प वगैरे काही झालं नाही. ‘ठप्प’वाल्यांनी हे दोन दिवस भिंतीवर लिहून ठेवावेत.

‘स्थगिती प्रस्ताव’चं राहिलंच. नको. मराठीत स्थगिती देतं ते न्यायालय किंवा मंत्री. बांधकामाला, बदलीला, निविदेला. विरोधी सदस्य कशाला स्थगिती देणार? रूढ झाला आहे तो ‘स्थगन प्रस्ताव’, व्युत्पत्ती कितीही ठगाची असो, तोच ठेवा. मला विचाराल तर मी ‘तहकुबीचा प्रस्ताव’ म्हणेन आणि कुणी हसलं तर हसू देईन. लिहिताना मात्र ‘तहकूब’मध्ये कू दीर्घ आणि ‘तहकुबी’त ऱ्हस्व, ‘चूक’चं ‘चुकीचं’ होतं तसंच. आणि अधिवेशन संपलं म्हणून ‘सभागृह बरखास्त’ असं लिहू नका. फारसीत ‘बरखास्त’ म्हणजे उठून उभे राहिले, दरबार उठला, इतका निरुपद्रवी अर्थ आहे खरा. पण मराठीत आज विधानसभा बरखास्त झाली म्हटलं की आमदार मतदारसंघाकडे पळत सुटतात.