बटण दाबल्यावर द्रव सोडणारा आणि किती मिली गेला ते दाखवणारा डिस्पेन्सर कसा बनवावा?

तुमची गरज मी अशी समजतोय: बटण दाबून धरलं की द्रव यावा, बोट उचललं की थांबावा आणि तेवढ्यात किती मिली गेला ते डिस्प्लेवर दिसावं. एका वेळी १० ते २५० मिली. द्रव म्हणजे पाणी, कधी साबणाचं द्रावण. हाताशी आर्डुइनो उनो (कोड टाकून चालवायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर (प्रवाहाने फिरणाऱ्या चाकावरून द्रव मोजणारा) आहे, आकडे जुळत नाहीत, आणि कोडमध्ये काय चुकतंय असं तुम्ही विचारलंय.

कोडमध्ये बहुधा काही चुकत नाहीये. सेन्सरच या कामाचा नाही. वायएफ-एस२०१ लिटरमागे साधारण ४५० पल्स (विजेचे ठोके) देतो, म्हणजे एक पल्स जवळपास २.२ मिलीचा. १० मिलीला चार-पाच पल्स मिळणार. त्यावर मिलीचा आकडा दाखवायचा कसा? शिवाय त्याची मोजमापाची रेंज मिनिटाला १ लिटरपासून सुरू होते. त्याखाली आतलं चाक अडखळतं आणि पाणी पात्यांच्या बाजूने न मोजताच निघून जातं. वायएफ-एस४०१ बराच बारीक आहे, लिटरमागे सुमारे ५,८८० पल्स आणि मिनिटाला ०.३ लिटरपासून पुढे. पण चाकाला वेग घ्यायला लागणारा वेळ आणि प्रवाह थांबल्यावरही त्याचं थोडं फिरत राहणं, हे दोन्ही त्यातही आहेच. साबणाचं द्रावण पाण्यापेक्षा घट्ट असेल तर पाण्यावर काढलेला पल्सचा हिशोब त्याला लागू पडत नाही, ते वेगळंच.

असं यंत्र आखताना एक गोष्ट धरून चला: धार नीट चालू असताना मोजण्यात फारशी चूक होत नाही. चूक होते ती धार सुरू होताना आणि थांबताना. ५ लिटर भरायचे असतील तर या दोन टोकांना कोणी विचारत नाही. १० मिलीत मात्र ती टोकंच मोठा हिस्सा खातात. म्हणून पद्धत निवडताना तुमचं सगळ्यात लहान माप बघा, मोठं नाही.

तुमच्या मापाला मी स्टेपर मोटरवरचा (ठरावीक छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपनी फिरणाऱ्या मोटरवरचा) पेरिस्टाल्टिक पंप घेईन. त्यात रोलर मऊ नळी दाबत पुढे सरकतात आणि दर फेऱ्याला ठरावीक द्रव ढकलतात, त्यामुळे पंप हाच मीटर होतो आणि वेगळा सेन्सर लागत नाही. मोटर थांबली की एखादा रोलर नळी दाबूनच उभा असतो, म्हणजे व्हॉल्व्हही लागत नाही आणि टाकी उंचावर ठेवली तरी सायफन होत नाही (द्रव नळीतून आपोआप वाहत नाही). डायफ्रॅम पंप (पडदा हलवून द्रव ढकलणारा) घेतलात तर या दोन्ही गोष्टींची सोय वेगळी करावी लागते. स्वस्त १२ व्होल्टचा सोलेनॉइड (विजेने उघडणारा) व्हॉल्व्ह लावून टाकीतून नुसतं उताराने पाणी सोडायचा विचार असेल तर आधी त्याचा किमान दाब बघा. त्यातल्या बऱ्याच व्हॉल्व्हना उघडायलाच ०.०२ मेगापास्कल, म्हणजे सुमारे २ मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब लागतो. टेबलावरच्या टाकीखाली ते नुसते 'टक्' करतात, पाणी येत नाही.

आता आकडे. ३ मिमी आतल्या व्यासाची नळी आणि लहान तीन-रोलरचं हेड असेल तर एका फेऱ्याला साधारण ०.५ मिली धरा. नेमका आकडा कॅलिब्रेशनमध्ये (प्रत्यक्ष तोलून जुळवताना) निघेल. मिनिटाला २०० फेऱ्यांनी १०० मिली, म्हणजे २५० मिलीला अडीच मिनिटं. बोट दाबून धरायला हा वेळ फार आहे. ६ मिमीची नळी आणि मोठं हेड घेतलं की वेग कित्येक पटींनी वाढतो, पण टॉर्कही (फिरवण्याचा जोर) जास्त लागतो आणि नेमा १७ (स्टेपर मोटरचं एक ठरलेलं माप, नेमा २३ त्याहून मोठं) मोटर अडू शकते. तिथे नेमा २३ किंवा गिअर लावलेली मोटर घ्या. रोज ५० मिलीच्या आतच काम असेल तर लहान हेड पुरे. खालचा हिशोब मी लहान हेडचा देतोय, मोठ्याला फक्त आकडे बदलतील.

नेमा १७ चे एका फेऱ्याला २०० स्टेप, ए४९८८ ड्रायव्हरवर (मोटरला वीज देणाऱ्या बोर्डावर) पाव मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे चार तुकडे, म्हणजे एका फेऱ्याला ८०० स्टेप. २०० आरपीएमला (मिनिटाला २०० फेऱ्यांना) सेकंदाला सुमारे २,६६७ स्टेप होतात. ड्रायव्हरवर एक-सोळांश ठेवलंत तर हाच आकडा १०,६६७ वर जातो, आणि उनोवर ॲक्सेलस्टेपर लायब्ररी (स्टेपर चालवायचा तयार कोड) साधारण ४,००० च्या पुढे भरवशाने जात नाही. मोटर मग दाखवलेल्या वेगाने फिरतच नाही. ड्रायव्हरचा करंट आधी सेट करा: बोर्डावर मोजायचा संदर्भ व्होल्टेज, व्हीरेफ, म्हणजे करंट गुणिले ८ गुणिले सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर). ०.१ ओहमच्या बोर्डावर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट. रेझिस्टरची किंमत बोर्डागणिक बदलते, त्यावर लिहिलेलं वाचून मगच पॉट (बोर्डावरचा छोटा फिरवायचा स्क्रू) फिरवा. मोटरच्या पुरवठ्यावर ड्रायव्हरला खेटून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, आणि पुरवठा चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो.

स्टेप लूपमधून (कोडच्या सतत फिरणाऱ्या मुख्य भागातून) देऊ नका. आयटूसी बॅकपॅकचा (दोन वायरींवर जोडणारा मागचा बोर्ड असलेला) १६ बाय २ एलसीडी एक अक्षर लिहायला सुमारे मिलिसेकंद घेतो, पूर्ण ओळ म्हणजे १५-२० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात मोटरला पन्नासेक स्टेप द्यायचे असतात. ते खोळंबतात, मोटर गुरगुरते आणि कधी जागीच अडते. अडली की गणित बिघडलं, कारण आपण मोजतो ते पाठवलेले स्टेप. मोटर खरंच फिरली का ते कळायला इथे मार्ग नाही. त्यामुळे स्टेप टायमर १ च्या इंटरप्टमधून द्या, म्हणजे उनोतला टायमर ठरल्या वेळी बाकी काम थांबवून स्टेप देतो. प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा आकडा) ८ ठेवला की घड्याळ २ मेगाहर्ट्झचं होतं. कम्पेअर रजिस्टरमध्ये (टायमरने किती मोजून स्टेप द्यायचा तो आकडा) ७४९ टाकलं की बरोबर २,६६७ च्या आसपास वेग मिळतो. एकदम त्या वेगाने सुरू करू नका. २,९९९ पासून (म्हणजे ५० आरपीएम) सुरू करून पाव सेकंदात ७४९ पर्यंत या. स्टेपचा काउंटर त्याच इंटरप्टमध्ये वाढवा आणि व्होलाटाइल ठेवा (दर वेळी मेमरीतून ताजा वाचला जावा म्हणून). तो ४ बाइटचा आणि उनो ८ बिटचा, म्हणून लूपमध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून कॉपी घ्या. नाहीतर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो आणि डिस्प्लेवर मधेच एखादा वेडा आकडा झळकतो.

बटण पिन आणि ग्राउंडमध्ये, आतला पुल-अप (बटण सुटं असताना पिन वरच्या व्होल्टेजला धरणारा रेझिस्टर) चालू, ३० मिलिसेकंदांचं डिबाउन्स (बटणाची थरथर संपेपर्यंत थांबणं). १०० मिली प्रति मिनिटाला ३० मिलिसेकंद म्हणजे ०.०५ मिली, एक थेंब. त्यावर डोकं खपवू नका. बटणाची वायर लांब असेल तर बाहेरून १० किलो-ओहमचा पुल-अप आणि १०० नॅनोफॅरड लावा, कारण शेजारून मोटरच्या वायरी जात असतात. ओल्या हाताने दाबलं जाणार, तेव्हा सीलबंद बटण घ्या. बटण अडकून बसलं तरी सगळी टाकी रिकामी होऊ नये म्हणून एका दाबाला ३०० मिलीची कमाल मर्यादा कोडमध्ये ठेवा.

एक निर्णय बरेच जण घेतच नाहीत: बोट उचलून लगेच पुन्हा दाबलं तर आकडा शून्यापासून सुरू व्हावा की पुढे चालू राहावा? माणूस शेवटचे दोन-चार मिली टप्प्याटप्प्याने घालतो, तेव्हा तो चालूच राहायला हवा. ५ सेकंद काहीच दाबलं नाही तर पुढच्या दाबाला शून्य, हे बहुतेकांना बरोबर वाटतं. शून्य करायचं ते पुढचा दाब आल्यावर. ५ सेकंद झाल्या झाल्या आकडा पुसला तर तो बघायलाच मिळत नाही.

डिस्प्ले सेकंदाला चार-पाचदा बदला, त्याहून भराभर बदलणारा आकडा वाचता येत नाही. दर वेळी पूर्ण क्लिअर केलात तर लुकलुकतो. नुसतं वरून लिहिलंत तर २५० च्या जागी ० आल्यावर मागचं '५०' तसंच राहतं आणि ०५० दिसतं. आकडा नेहमी चार घरांत, डावीकडे रिकाम्या जागा भरून लिहा. आणि दशांश दाखवू नका. कोडमध्ये दोन दशांश सहज निघतात, पण नळीच्या तोंडाशी लटकलेला थेंबच ०.०५ मिलीचा असतो. डिस्प्लेवर काहीच उमटलं नाही तर आधी मागचा काँट्रास्टचा पॉट फिरवा, मग कोडमधला डिस्प्लेचा आयटूसी पत्ता तपासा: ०एक्स२७ किंवा ०एक्स३एफ.

आता थेंब. मोटर थांबल्यावर नळीच्या टोकाशी थोडा द्रव लोंबतो आणि मनाला येईल तेव्हा पडतो. त्यासाठी थांबल्यावर मोटर पाव फेरा उलटी फिरवा, म्हणजे २०० स्टेप. द्रव टोकापासून आत ओढला जातो. पुढच्या वेळी सुरुवातीचे २०० स्टेप ती जागा भरण्यात जातात, ते मोजायचे नाहीत. हे विसरलात तर दर दाबाला सुमारे ०.१२ मिली जास्त दिसतं, आणि कोणी टिचक्या मारत भरलं तर फरक साठत जातो. टोकाचा आतला व्यास ३ मिमीच्या आत ठेवा. त्याहून रुंद टोकात हवा बाजूने वर शिरते आणि नळीतला द्रव खाली ओघळतो, मग कितीही मागे ओढा.

कॅलिब्रेशन वजनकाट्यावर करा, मोजपात्रावर नको. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. २० अंश सेल्सिअसला १ मिली पाणी ०.९९८ ग्रॅम भरतं. नळीतली सगळी हवा काढून ५० फेरे, म्हणजे ४०,००० स्टेप चालवा. समजा २४.६ ग्रॅम आलं, म्हणजे २४.६५ मिली, म्हणून १ मिलीला १,६२३ स्टेप. असं तीनदा करून सरासरी घ्या. हाच गुणक. तो ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा. साबणाच्या द्रावणाची घनता वेगळी निघेल. ठरावीक १०० मिली तोलून ती काढा आणि त्या द्रवासाठी वेगळा गुणक ठेवा.

मग खरी परीक्षा: डिस्प्लेवर १० मिली येईपर्यंत सोडा आणि तोला, नंतर २०० मिली सोडा आणि तोला. १० ला ९.६ आणि २०० ला १९९.६ आले तर गुणक बरोबर आहे. चूक धार सुरू होताना-थांबतानाची आहे, मागे ओढण्याचे स्टेप जुळवा. १० ला ९.८ आणि २०० ला १९६ आले तर सुरुवात आणि शेवट ठीक आहेत, गुणक २ टक्के चुकलाय. हे वेगळं न करता गुणकच खालीवर करत बसलात तर एक माप जुळेल तेव्हा दुसरं बिघडेल, आणि ते कायम चालू राहील.

नवी सिलिकॉन नळी पहिले काही तास सैलावते, म्हणून कॅलिब्रेशनआधी तासभर पंप चालवून घ्या. पुढेही ती थकत जाते आणि दर फेऱ्याला थोडं कमी ढकलते, तेव्हा अधूनमधून पुन्हा तोला. घट्ट द्रवात आणखी एक अडचण येते: दाबलेली नळी पुन्हा फुगायच्या आत पुढचा रोलर येतो आणि नळी अर्धीच भरते. आरपीएम कमी करा आणि टाकीकडची नळी आखूड व रुंद घ्या. २०० आरपीएमला आणि १०० आरपीएमला मिलीमागे स्टेप वेगवेगळे येत असतील तर हेच होतंय.

या रचनेचा मोठा दोष असा की पंप हवाही तितक्याच आत्मविश्वासाने मोजतो. टाकी संपली तरी डिस्प्ले १०० मिली दाखवेल आणि भांडं कोरडं राहील. टाकीच्या तळाजवळ फ्लोट स्विच (द्रवाची पातळी खाली गेली की बदलणारा तरंगता स्विच) लावा, आणि तळाशी थोडा द्रव उरलेला असतानाच तो मोटर बंद करेल इतका वर.

काही जण सरळ लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) सुचवतील. एचएक्स७११ (त्याचं वाचन आकड्यात बदलणारी चिप) सोबत तो उत्तम चालतो, पण भांडं तोलू नका. पडणाऱ्या धारेचा जोर काट्यावर येतो, हवेत असलेला द्रव अजून मोजलेला नसतो, आणि माणूस भांडं हातात धरतो. त्याऐवजी टाकीच लोड सेलवर ठेवा आणि कमी झालेलं वजन मोजा. एचएक्स७११ सेकंदाला १० वाचनांवर असेल तर वाचन स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात, ८० वर ५०. बोर्ड बहुधा १० वर येतो, पिन बदलावी लागते. टाकीतून निघणारी नळी मऊ आणि सैल ठेवा, तिच्या ताणाचे दोन-तीन ग्रॅम सहज येतात. रोज वेगळा द्रव भरणार असाल तर दर वेळी घनता बदलावी लागेल, म्हणून मी ही पद्धत दुसऱ्या पसंतीची धरतो. टाकी रिकामी झाल्याचं मात्र तिला आपोआप कळतं.

द्रव पोटात जाणारा असेल तर नळी खाद्य-दर्जाचीच घ्या आणि रोज धुवायला सुटेल अशी बसवा. तेल आणि सॉल्व्हंटमध्ये सिलिकॉन फुगतो, तिथे नळीचं मटेरियल बदला. पेट्रोल, थिनर, स्पिरिट असलं काही यातून सोडायचं मनात असेल तर ही उघडी मोटर, ड्रायव्हर आणि बटण काहीच चालणार नाही; ते स्फोटरोधक उपकरणांचं काम आहे, घरी जुळवायचं नाही.