मॉर्फिनची चिठ्ठी आहे, गोळ्या कुठे मिळतील?

प्रश्न : वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग असून तो हाडांत पसरला आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी तीव्र दुखण्यावर मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दर चार तासांनी लिहून दिल्या. आमच्या तालुक्यात एकाही मेडिकलमध्ये त्या नाहीत. एक दुकानदार म्हणतो, ट्रामाडॉल घ्या, तेच काम करतं. दुसरा म्हणतो, बिल मागू नका, मी आणून देतो. काय करावं? या गोळ्या घरात ठेवणं गुन्हा आहे का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : बिलाशिवायची गोळी घेऊ नका. ती खरी आहे की नाही, किती मिलिग्रॅमची आहे, हे तपासायला तुमच्या हाती काहीच राहत नाही आणि कायद्याचं संरक्षणही जातं. मॉर्फिन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रीतसर मिळालेला साठा रुग्णाच्या वापरासाठी घरी ठेवणं गुन्हा नाही.

साध्या मेडिकलमध्ये ते नसतं, कारण ते ठेवायला वेगळी परवानगी लागते आणि गोळीन् गोळीचा हिशेब नोंदवहीत ठेवावा लागतो. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन ‘आवश्यक अमली औषधां’त आलं. त्याआधी रुग्णालयांना अनेक परवाने गोळा करावे लागत. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेली संस्था ते ठेवू आणि देऊ शकते. म्हणून दहा दुकानं हिंडण्यापेक्षा कर्करोग रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातलं दुखणं व त्रास कमी करणारा) विभाग गाठा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असा विभाग आहे. जवळच्या मेडिकल कॉलेजात आणि जिल्हा रुग्णालयातही विचारा. प्रश्न मात्र नेमका हवा : “तुमच्याकडे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का?” ‘पॅलियम इंडिया’ या संस्थेच्या संकेतस्थळावरही राज्यवार केंद्रांची यादी आहे. आधी फोन करा, साठा आहे का विचारा, मगच निघा.

जाताना बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, ताजी चिठ्ठी आणि रुग्णाचं व तुमचं ओळखपत्र घ्या. रुग्णाला प्रत्येक खेपेला नेण्याची गरज बहुतेक ठिकाणी नसते, नातेवाइकाला औषध देतात. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, पत्ता, तारीख, गोळीची ताकद, वेळा, एकूण गोळ्या आणि डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक आहे ना, ते तिथेच वाचा. एकूण संख्या लिहिलेली नसली, तर काउंटरवरून परत पाठवतात आणि दिवस वाया जातो.

हिशेब असा. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ वाजता एकेक आणि रात्री १० वाजता दोन (झोपमोड होऊ नये म्हणून डॉक्टर रात्रीचा डोस असा दुप्पट सांगतात) धरल्या, तर दिवसाला ६ आणि २८ दिवसांना १६८ गोळ्या झाल्या. मधूनच कळ उठली तर घ्यायच्या जादा गोळ्या यात नाहीत. त्या किती, हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या. नाहीतर महिना संपायच्या आधीच गोळ्या संपतात आणि औषध एकदम तुटलं की दुखणं उसळतं, शिवाय घाम, कापरं, जुलाब सुरू होतात. आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची खेप करा.

ट्रामाडॉल हे दुसरं वेदनाशामक आहे, ते मॉर्फिनच्या जागी परस्पर देता येत नाही. ताकद वेगळी, डोस वेगळा, आणि २०१८ पासून तेही याच कायद्याखाली आहे.

घरी आल्यावर पट्टीवरचा आकडा बघा. १० च्या जागी ३० आली, तर डोस तिप्पट होतो. नावापुढे ‘एसआर’ असेल, तर ती सावकाश सुटणारी गोळी आहे, साधारण १२ तासांनी घ्यायची. ती फोडली, कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं आणि जिवावर बेततं. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती बहुधा ओसरते. शौचाला साफ न होण्याचा त्रास मात्र ओसरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिलसारखं रेचक लिहून घ्या. त्याऐवजी ईसबगोल नको. मॉर्फिनने आतड्यांची हालचाल मंदावते, पाणीही कमी पोटात जातं, आणि फुगलेलं ईसबगोल आतच अडकतं.

मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा, मॉर्फिन अंगात साठतं. झोपेच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका आणि दारू अजिबात नको. हाका मारूनही माणूस जागा होत नाही, श्वास फार संथ झालाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात, असं झालं तर पुढचा डोस देऊ नका, लगेच १०८ ला फोन करा.

“याची सवय लागेल” म्हणून डोस चुकवू नका, ही आमची कळकळीची विनंती. कर्करोगाच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. घाबरून दिलेल्या अर्ध्या डोसाने मात्र रुग्ण रात्रभर तळमळतो.

प्रश्न : आईच्या निधनानंतर मॉर्फिनच्या गोळ्या उरल्या आहेत. शेजारी त्यांच्या रुग्णासाठी मागतात. द्याव्यात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : देऊ नका. त्या आईंच्या नावावर, त्यांच्या डोसाप्रमाणे दिलेल्या होत्या. ज्याने पूर्वी असं औषध घेतलेलं नाही, त्याला तोच डोस घातक ठरू शकतो, आणि असं देणं कायद्यातही बसत नाही. शेजाऱ्यांना वर सांगितलेली वाट दाखवा. उरलेल्या गोळ्या मोजून, मूळ पट्टीतच ठेवून, जिथून आणल्या त्या केंद्रात चिठ्ठीसह परत करा आणि परत केल्याची नोंद लिहून मागा. तोवर त्या कुलपात ठेवा.