बव्हेरियात साधा भूतकाळ गेला कुठे?

प्रश्न असा आला आहे: ‘जर्मनच्या वर्गात गिंग (गेलो), काम (आलो), माख्टे (केलं) अशी साध्या भूतकाळाची रूपं घोकून घेतली. बव्हेरियात, म्युनिकला आल्यावर ती कुणाच्याच तोंडून ऐकू येत नाहीत. सगळे बिन गेगांगन (गेलो आहे), हाबे गेमाख्ट (केलं आहे) असंच बोलतात. हे अशुद्ध समजायचं का?’

अजिबात नाही. जर्मनच्या दक्षिणेकडच्या बोलींत हा काळ जवळजवळ उरलेलाच नाही, तर लोक वापरणार कुठून? बव्हेरियनमध्ये ‘वार’ (होतो) आणि ‘हवं होतं’ या अर्थाचं एक रूप, एवढेच काय ते अवशेष. स्विस बोलींनी तर ‘वार’सुद्धा सोडलं. तिथे म्हणतात ‘इ बी ग्सी’, म्हणजे शब्दशः ‘मी असलेला आहे’. ‘हाबे’चं भूतकाळी रूप ‘हाटे’ गेल्यामुळे पूर्ण भूतकाळाचीही (‘जेवलो होतो’) पंचाईत झाली, म्हणून ‘इश हाबे गेगेसन गेहाब्ट’ (मी जेवलो होतो) असा दुहेरी जोड निघाला. व्याकरणाचे मास्तर यावर नाकं मुरडतात, पण बोलणाऱ्यांचं काही अडत नाही.

आता कारण. नेहमी सांगितलं जातं ते असं: दक्षिणेत शब्दाच्या शेवटचा ‘ए’ गळाला, त्यामुळे ‘एर माख्टे’ (त्यानं केलं) आणि ‘एर माख्ट’ (तो करतो) सारखेच ऐकू येऊ लागले. पटण्यासारखं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. ‘गिंग’, ‘काम’ यांचा असा काही घोटाळा होत नव्हता, तरी तीही गेलीच. शिवाय बोलीभाषेतल्या फ्रेंचनंही साधा भूतकाळ असाच टाकला, तिथे हा ‘ए’ कुठून आणायचा? खरी गोष्ट अशी, की ‘गेलो आहे’ हा प्रकार गोष्ट सांगायलाही वापरात आला आणि त्यानं जुन्याची जागा हळूहळू घेतली. दक्षिणेत हे पंधराव्या-सोळाव्या शतकात ठळक दिसू लागतं.

‘हळूहळू’ म्हणजे कसं, ते नकाशावर दिसतं. बोलींचा अभ्यासक गेओर्ग वेंकरनं 1876 मध्ये गावोगावच्या शाळामास्तरांकडे वाक्यं पाठवायला सुरुवात केली: आपल्या बोलीत करून द्या. पुढे ठरलेल्या 40 वाक्यांतलं 24वं असं: ‘काल संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा बाकीचे आधीच निजले होते.’ त्यातल्या ‘आलो’साठी उत्तरेतून ‘कामन’ची (साधा भूतकाळ) रूपं आली, दक्षिणेतून ‘झिंट गेकोमन’ची (‘आलो आहोत’). दोन्हींमधली सीमा ढोबळमानानं ट्रियर-फ्रांकफुर्ट-प्लाउएन या शहरांवरून जाते. ती काही सरळ रेघ नाही. हेसेन प्रांतात तर एकेक क्रियापद वेगवेगळ्या ठिकाणी गळतं, आणि रोजच्या तोंडातली (असणे, शकणे) सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतात.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? संस्कृतातली अगच्छत्, जगाम ही रूपं मागे पडली आणि ‘गत’ या धातुसाधित विशेषणानं भूतकाळाचं काम उचललं. आपलं ‘गेला’ त्यातूनच आलं. म्हणून तर ते विशेषणासारखं लिंग बदलतं: गेला, गेली, गेलं.

तेव्हा लिहिताना ‘गिंग’ लिहा, दुकानात ‘बिन गेगांगन’ म्हणा, ‘वार’ बिनधास्त वापरा. आणि कुणी ‘बसलो होतो’साठी ‘बिन गेसेसन’ म्हणालं तर दुरुस्त करायला जाऊ नका. उत्तरेत त्याला ‘हाबे’ लागतं, दक्षिणेत ‘बिन’च, आणि जर्मनच्या ड्यूडन या शब्दकोशात दोन्ही आहेत.