बाळंतपणाच्या रजेवरून परतले तर जागा गेली. सही करू का?

प्रश्न: मी गोव्यातल्या फोंड्याची. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात सहा वर्षं प्रॉडक्शन ऑफिसर आहे. २६ आठवड्यांची रजा संपवून कामावर आले, तर माझ्यामागून लागलेला सहकारी शिफ्ट इन-चार्ज झालेला. रजेआधी दोन वर्षं आम्ही दोघं एकाच लाइनवर आलटून-पालटून तेच काम करत होतो, तेव्हाही त्याचा पगार माझ्याहून सात हजारांनी जास्त होता. मला आता डॉक्युमेंटेशनला बसवलंय. साहेब म्हणतात, “घरात तान्हं मूल, रात्रपाळी कुठे झेपणार तुला?” ‘बदली स्वेच्छेने स्वीकारते’ अशा पत्रावर एचआर सही मागतंय, पटत नसेल तर राजीनामा दे, असंही सुचवलंय. भांडले तर ‘फार महत्त्वाकांक्षी बाई’ म्हणून नाव होईल. काय करू?

उत्तर: सही करू नका आणि राजीनामाही देऊ नका. ‘स्वेच्छेने’ हा एक शब्द कागदावर आला की पुढच्या प्रत्येक सुनावणीत कंपनी तोच कागद पुढे करील. पत्र हातात घ्यावंच लागलं तर ‘मिळाले, मान्य नाही’ एवढं लिहून तारीख टाका आणि प्रत मागा. कामावर मात्र रोज जा. डॉक्युमेंटेशनचं काम नाकारलंत तर आज्ञाभंगाची नोटीस काढायला तुम्हीच निमित्त द्याल.

आता थोडं कडू. ‘मला बढती दिली नाही’ एवढीच तक्रार घेऊन गेलात तर हाती फारसं लागणार नाही. खासगी कंपनीत बढती मिळालीच पाहिजे असा हक्क नसतो. १९७६च्या समान वेतन कायद्यात बढती, प्रशिक्षण आणि बदली हे शब्द स्पष्ट होते. त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेत लिंगभेदाला बंदी आहे ती वेतनात, भरतीत आणि ‘नोकरीच्या अटीं’मध्ये, बढतीचं नाव नाही. नोकरीच्या अटींत बढती येते असा युक्तिवाद करता येतो, मीही करीन, पण नव्या कायद्यातली ही ढिलाईच आहे. शिवाय बढतीचा वाद एकट्या कामगाराला थेट कामगार न्यायालयात नेता येत नाही, त्यामागे युनियन लागते. आणि तुमच्या हाताखाली ऑपरेटर असतील तर कंपनी म्हणेल, ही सुपरवायझर, महिना १८ हजारांच्या वर पगार घेते, ही कामगारच नव्हे.

म्हणून बढती मागे ठेवा आणि पगार पुढे आणा. वेतन संहिता ‘कर्मचारी’ या शब्दात सुपरवायझर, मॅनेजर सगळ्यांना धरते, त्यामुळे ही वाट तुम्हाला खुली आहे. कसोटी हुद्द्याच्या नावाची नसते, काम तेच किंवा त्याच प्रकारचं आहे का याची असते. मॅकिनन मॅकेंझी विरुद्ध ऑड्री दकॉस्ता या १९८७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तिथे स्त्री लघुलेखिकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. किरकोळ फरक दाखवून काम वेगळं ठरवता येणार नाही आणि कंपनीला परवडत नाही हीसुद्धा सबब नाही, असं न्यायालय म्हणालं. मागच्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. म्हणजे तुमची ती दोन वर्षं हातातून निसटण्याआधी हालचाल करा. त्याचं शिक्षण किंवा आधीचा अनुभव जास्त आहे असं उत्तर येईल. तसं खरंच असेल तर आधीच तपासून घ्या.

पुरावा? तो तुमच्या कारखान्यात रोज तयार होतो. बॅचच्या नोंदपुस्तकात प्रत्येक टप्प्यासमोर ‘केले’ आणि ‘तपासले’ अशा सह्या तारीख-वेळेसकट असतात. सोमवारी तुमची सही, मंगळवारी त्याची, रकाना तोच. पाळी बदलतानाचं हँडओव्हर रजिस्टर आणि ट्रेनिंग रेकॉर्डही तेच बोलतं. पण याचे मोबाइलवर फोटो काढू नका, कागद घरी नेऊ नका. ते गोपनीय दस्तऐवज असतात. खरी तक्रार असलेली माणसं इथेच चोरीच्या आरोपात अडकतात. बॅच नंबर आणि तारखा आपल्या डायरीत टिपून ठेवा, मूळ कागद कंपनीला हजर करायला लावता येतात. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझल मात्र तुमचेच आहेत, ते जपा.

दुसरा मुद्दा रजेचा. प्रसूतीची तरतूद पूर्वी १९६१च्या कायद्यात होती, २१ नोव्हेंबर २०२५पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, संरक्षण तेच. रजेच्या काळात किंवा रजेमुळे बाईला कामावरून काढता येत नाही, आणि रजेवर असताना तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. कंपनी म्हणेल, बदली तर ती परतल्यावर केली. म्हणून निर्णय कधी झाला हे शोधा: त्याच्या नेमणुकीचा मेल आणि विभागाचा नवा तक्ता कोणत्या तारखेचे आहेत? ते तुमच्या रजेतले असतील तर बाजू भक्कम. काढून टाकलंच तर आदेश हाती आल्यापासून ६० दिवसांत अपील करायचं असतं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजायला सुट्टी मिळते, आणि ५० किंवा अधिक माणसं असतील तर पाळणाघर सक्तीचं आहे. तेही मागा.

रात्रपाळीची सबब सगळ्यांत तकलादू. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी बाईला तिच्या संमतीने कामावर ठेवता येतं, सुरक्षेच्या अटी मालकाने पाळायच्या. संमती द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, साहेबांनी परस्पर नाही. तयारी असेल तरच एचआरला मेल करा: “मी रात्रपाळीस लेखी संमती देत आहे. अमुक तारखेला ‘रात्रपाळी झेपणार नाही’ या कारणाने मला शिफ्ट इन-चार्ज पदासाठी विचारात घेतले नाही असे सांगण्यात आले. निवडीचे निकष व माझ्या बदलीचे कारण लेखी कळवावे.” उत्तर आलं तर कारण कागदावर येतं, न आलं तर ते मौनही उपयोगी पडतं. मेलची एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा, ऑफिसचा मेल बंद व्हायला वेळ लागत नाही.

पंधरा दिवस वाट पाहून कामगार आयुक्तालयाकडे लेखी तक्रार द्या. मुख्य कार्यालय पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात आहे, दक्षिण गोव्यासाठी मडगावचं कार्यालय जवळ पडेल. आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. ‘पॉश’ समितीकडे, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे, मात्र हे नेऊ नका. साहेबांचं बोलणं भेदभावाचं आहे, पण त्या कायद्यातल्या लैंगिक छळाच्या व्याख्येत ते बसेलसं दिसत नाही, आणि तिथे तक्रार फेटाळली गेली की कंपनी तोच कागद नाचवते. शरीरावरून किंवा दूध पाजण्यावरून घाणेरडं बोललं गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मुदत तीन महिन्यांची.

नावाचं म्हणाल, तर तक्रारीत ‘अन्याय’, ‘पुरुषी वृत्ती’ असं काही न लिहिता तारखा, रकमा आणि बॅच नंबर लिहा. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो. जाताना दोघांच्या पगारातला फरक दाखवणारा जो काही कागद असेल तो आणि सही मागितलेलं पत्र सोबत न्या.