मेंटेनन्स थकवणाऱ्या सदस्याचं पाणी सोसायटीला तोडता येतं का?

तुमचा प्रश्न असा: एका सदस्याने वर्षभर मेंटेनन्स भरलेला नाही, तोंडी सांगून उपयोग होत नाही, आणि कमिटीतले काही जण म्हणताहेत की पाणी तोडू, लिफ्ट बंद करू, गेटवर गाडी अडवू. हे चालतं का? नसेल तर पैसे वसूल कसे करायचे?

चालत नाही. नाक दाबलं की तोंड उघडेल असं कमिटीला वाटतं, पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये किंवा आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठी सरकारने दिलेली नमुना नियमावली) पाणी, वीज, लिफ्ट किंवा घरी जाण्यायेण्याची वाट बंद करण्याचा अधिकार सोसायटीला कुठेही दिलेला नाही. सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला तरी तो अधिकार तयार होत नाही. तुम्ही व्हॉल्व्ह फिरवलात की तो सदस्य पोलिसांत जातो किंवा सहकार न्यायालयात मनाई हुकूम मागतो, आणि थकबाकीचा विषय बाजूला पडून कमिटीच खुलासे देत बसते. शिवाय त्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असू शकतं, तान्हं मूल असू शकतं. बिल त्यांनी थकवलेलं नसतं.

सोसायटीच्या हातात काय आहे ते बघा. बिल, नोटीस किंवा भरण्याची मुदत, यांत जे उशिराचं असेल त्यापासून तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर तो थकबाकीदार ठरतो. थकबाकीदाराला कमिटीची निवडणूक लढवता येत नाही. फ्लॅट विकला तर आधीची बाकी चुकती झाल्याशिवाय भाग (शेअर) हस्तांतरणाचा अर्ज मंजूर करायची गरज नाही. मात्र सभेची नोटीस त्यालाही द्यायची आणि सभेला बसू द्यायचं. सदस्यत्व कायम आहे. सतत थकवणाऱ्याला काढून टाकण्याची तरतूद कलम ३५ मध्ये आहे, पण त्यासाठी खास सभा, हजर मतदारांपैकी तीन चतुर्थांश मतं आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी लागते. वसुलीसाठी हा रस्ता मी सुचवणार नाही.

खरी वसुली होते ती वसुली दाखल्यावर, म्हणजे बाकी वसूल करायला उपनिबंधक देतात त्या दाखल्यावर. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण १३-ब आलं आणि त्यात कलम १५४ब-२९ आहे. पूर्वी हेच काम कलम १०१ खाली चालायचं, म्हणून जुना नमुना उचलून अर्ज टाइप करणार असाल तर कलम बदला. क्रम साधा आहे. बिलवार तपशील देऊन मागणीची नोटीस काढा, पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा, शक्यतो दोनदा. मग कमिटीच्या सभेत अर्ज करण्याचा आणि सेक्रेटरीला सही करण्याचा अधिकार देणारा ठराव घ्या. अर्ज सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात चौकशी शुल्कासह जातो. सोबत सदस्याचा खातेउतारा, बिलांच्या प्रती, नोटिसा आणि पोचपावत्या, नोंदणीकृत उपविधी, आणि प्रत्येक आकार ज्या सभेत ठरला तिच्या इतिवृत्ताची प्रत. दोन्ही बाजू ऐकून दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर कलम १५६ आणि नियम १०७ खाली वसुली अधिकारी मागणी नोटीस, जप्ती आणि शेवटी लिलावापर्यंत जाऊ शकतो.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा हिशेबात, आणि इथे खजिनदाराने वेळ द्यायला हवा. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर कमाल २१ टक्के सरळव्याज आहे. तुमच्या सभेने कमी दर ठरवला असेल तर तोच लावायचा. समजा बिल महिना ४,००० रुपये आणि बारा बिलं थकली. काही जण ४८,००० वर सरसकट २१ टक्के लावून १०,०८० रुपये व्याज दाखवतात. ते चूक आहे, कारण शेवटच्या बिलाला वर्ष झालेलंच नाही. प्रत्येक बिलावर त्याच्या मुदतीपासून दरमहा १.७५ टक्के, म्हणजे ७० रुपये. बाराव्या बिलाच्या मुदतीला पहिलं बिल ११ महिने थकलेलं असतं, दुसरं १०, असं करत बेरीज ६६ महिने, व्याज ४,६२० रुपये. मुद्दल धरून ५२,६२०. व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चक्रवाढीची सेटिंग चालू असेल तर आधी ती बंद करा.

दुसरी नेहमीची चूक आकारणीची. सेवा शुल्क आदर्श उपविधीनुसार सर्व फ्लॅटना समान असतं. ते चौरस फुटावर लावलं असेल तर समोरचा वकील पहिल्याच सुनावणीत त्यावर बोट ठेवतो. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नको. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशापासून ती मर्यादा आहे. गणपतीची वर्गणी, ठरावाशिवाय लावलेले दंड, हे सगळं मागणीतून काढून टाका. पाचशे रुपयांच्या वर्गणीपायी पन्नास हजारांचा अर्ज लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही. मूळ सदस्य वारला असेल तर त्याच्या नावाने अर्ज न करता वारसांना सामील करा.

अर्ज करण्याआधी एकदा घरी जाऊन बोला. नोकरी गेलेली असते, दवाखान्याचा खर्च असतो. हप्ते बांधून द्या, पण त्याच्या सहीचं पत्र घ्या, त्यात एकूण बाकीची कबुली आणि हप्त्यांच्या तारखा लिहा. व्याज सोडायचं असेल तर कमिटीने परस्पर सोडू नये, सर्वसाधारण सभेत विषय घ्या.

हे सगळं १९६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या सोसायटीला लागू आहे. तुमचं अपार्टमेंट असोसिएशन १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं असेल, तर आधी असोसिएशनचं घोषणापत्र (त्या कायद्याखाली नोंदलेलं डिक्लरेशन) काढून त्यातल्या वसुलीच्या अटी वाचा.